शेलूबाजारचे अकरा मयत

१

एकोणीसशे त्र्याहत्तरच्या जून महिन्यात शेलूबाजारच्या एका मार्गदर्शन वर्गातली अकरा मुलं वारली, आणि ही गोष्ट नागपुरात आम्हाला एका तक्त्यावरून कळली. तक्ता अगदी नीटनेटका होता. समास सोडलेला, रेघा पट्टीनं मारलेल्या. 'सध्याची स्थिती' या रकान्यात एकाच अक्षरात, एकाच शाईनं अकरा वेळा लिहिलं होतं: मयत.

आमच्या कार्यालयाचं नाव विद्यार्थी प्रगती मोजणी केंद्र. दोन खोल्या, एक संचालक, एक पंखा आणि मी. पंखा कायम होता, मी तात्पुरता. गरीब आणि मागास समाजातल्या मुलांना कॉलेजपर्यंत पोचवायला गावोगाव जे वर्ग चालत, त्यांचा खरोखर किती उपयोग होतो ते मोजायचं, हे आमचं काम. मोजायची रीत सोपी होती. वर्गातून बाहेर पडलेल्या प्रत्येकाला जोडकार्ड पाठवायचं. अर्धं त्यानं वाचायचं, अर्ध्यावर 'सध्या काय करतो' ते लिहून वर्गाच्या पत्त्यावर उलट टपाली धाडायचं. वर्गानं त्यावरून तक्ता करायचा. उलट कार्डावर नाव लिहिणं, नंबर घालणं, उजव्या कोपऱ्यात जातीचा शिक्का मारणं, हे सगळं माझ्याकडे. दोनशे चाळीस कार्डं मी एका दुपारी हातावेगळी केली होती. शिक्के जुने होते, लाकडाला चिरा गेलेल्या, त्यामुळे प्रत्येक ठशाच्या मधून एक पांढरी रेघ जायची. अंगठ्याची जांभळी शाई महिना झाला तरी निघाली नव्हती.

संचालकांनी तक्ता पाहिला आणि विचारलं, "टक्केवारी?"

"चाळीस मुलं. कॉलेजात गेलेली सोळा."

"मयत वगळून सांगा. नियम आहे."

"एकोणतिसातून सोळा. पंचावन्न टक्के."

"छान आहे," ते म्हणाले. मग चहाचा घोट घेतला, कप बशीत ठेवला आणि तो परत उचलायला विसरले. "अकरा?"

"अकरा."

"एका वर्गातले?"

"पटकी असेल, सर."

"पटकी काय हजेरीपट पाहून येते?"

दुसऱ्या दिवशी मी कारंजाला एस.टी.तून उतरलो आणि शेलूबाजारला जाणारी जीप पकडली. मला ड्रायव्हरच्या शेजारी जागा मिळाली, कारण मागे अठरा माणसं आणि एक शिलाई मशीन होतं. ड्रायव्हर विशीबाविशीचा, गळ्यात रुमाल.

"मोजनीवाले हाये का तुमी?" त्यानं माझ्या मांडीवरच्या फायलीवरचं नाव वाचून विचारलं. "आमच्या मामाच्या वावराचा धुरा पाहून द्या ना मंग."

"वावर नाही मोजत. मुलं मोजतो. तुमच्या गावात अकरा मुलं वारली, त्याच्या चौकशीला चाललोय."

त्याचा चेहरा उतरला. "अकरा? बाप्पा. कोन कोन गेलं?"

मी यादी काढली आणि शोकसभेचा आवाज लावून वाचू लागलो. पहिलं नाव ऐकून त्यानं माझ्याकडे वळून पाहिलं. दुसऱ्याला त्यानं रुमाल सोडला. तिसऱ्याला म्हणाला, "काल तं माह्यासंगं जेवला थो."

"क्रमांक चार," मी वाचलं, "लखमा भिवाजी."

ब्रेक असा लागला की शिलाई मशीन पुढे आलं. हातातलं माझं ओळखीचं पत्र दाराच्या पत्र्यात अडकलं आणि त्याचा कोपरा फाटून तिथेच राहिला.

ड्रायव्हर माझ्याकडे बघत होता.

"साहेब," तो म्हणाला, "लखमा भिवाजी मीच हाये ना."

२

मयत माणसानं चालवलेल्या जीपमधून मी शेलूबाजारला पोचलो. गाडी तो आता फारच जपून चालवत होता.

बौद्धवस्तीतल्या वाचनालयाच्या खोलीत त्यानं सगळ्यांना गोळा केलं. कॉलेजांना सुट्टी असल्यानं सगळे गावातच होते. मी एकेक नाव वाचलं आणि समोरून 'हजर' आलं. अकरा वेळा. चौकशी अधिकाऱ्यानं मृतांची हजेरी घ्यावी आणि ती शंभर टक्के भरावी, असं आमच्या केंद्राच्या इतिहासात आधी झालं नव्हतं. कुणी हसलं नाही. दारात उभी असलेली एक म्हातारी आपल्या नातवाचा दंड चाचपून पाहत होती.

"चाळीसपैकी हेच अकरा," मी म्हणालो. "सगळे एकाच वस्तीतले."

"हे तुमी आता पाह्यलं?" मागून आवाज आला. क्रमांक अकरा. भागिरथा, लखमाची बहीण, वीस वर्षांची. "आमाले तुमचा कागद पाह्यल्या पाह्यल्या दिसलं."

तिनं एक लिफाफा माझ्यापुढे ठेवला. अमरावतीच्या एका मुलींच्या वसतिगृहाचा. तिचा प्रवेशाचा अर्ज परत आला होता आणि त्यावर लाल शाईत शेरा होता: 'अर्जदार मयत असल्याने विचार करता येत नाही.' खाली सही आणि शिक्का.

हे कसं झालं ते मला लगेच कळलं. आमच्या तक्त्याची प्रत सगळ्या वसतिगृहांना जाते, आणि वेळ वाचावा म्हणून ती आम्ही वाचायच्या आधीच जाते.

"मॅट्रिक कधी झालात?"

"एकाहत्तरले. दोन वर्सं दुष्काळी कामावर खडी फोडली. यंदा घेतलं न्हाई तं वयाची अट संपते. शनिवारी पाच वाजेलोक जागा हाये." ती सावकाश बोलत होती, जणू मीच मयताचा नातेवाईक होतो. "म्या थ्या वसतिगृहाच्या बाईले पत्र टाकलं, का मी जित्ती हावो म्हनून. थे म्हनते, मोजनी केंद्राचा कागद आना."

तो दिवस गुरुवार होता.

"मी दुरुस्ती लिहून देतो," मी म्हणालो आणि लगेच मला नियम चौदा आठवला. मयत नोंद खोडायची तर चूक कशी झाली आणि कुणी केली, हे दोन्ही लिहावं लागतं. त्याशिवाय दुरुस्ती ग्राह्य नाही. पूर्वी एका तालुक्यात एक जण दोनदा वारला होता, तेव्हापासूनचा नियम.

"म्हंजे आमाले कोनं मारलं ते सापडलं पायजे," भागिरथा म्हणाली.

"शनिवारच्या आत."

"तुमाले येते का शोधता?"

मी अंगठा खिशात घातला आणि म्हणालो, "शिकतोय."

३

संशय घ्यायला पहिला माणूस सोपा होता. पंजाबराव गुरुजी वर्ग चालवत. वर्गाची टक्केवारी वाढली की त्यांची नेमणूक कायम होणार, हे त्यांनीच मला पहिल्या दोन मिनिटांत सांगितलं. एखादा माणूस स्वतःवर संशय घेणं इतकं सोयीचं करून देतो तेव्हा तपासनीस जरा खट्टू होतो.

"गुरुजी, नापास मुलं मयत दाखवली की टक्केवारी वाढते."

"वाढते ना," ते म्हणाले. मग त्यांच्या ध्यानात आलं. खुर्चीवरून उठले आणि परत बसले. "म्हंजे तुमाले वाटते का म्या..."

"तक्त्यावर सही तुमची आहे."

"कोऱ्या तक्त्यावर केली म्या. लग्नाले मेहकरले जाऊन राह्यलो होतो. वर्गाच्या निधीचे मुनीमजी म्हने, सही करून जा, कार्डं आले का मी भरतो." त्यांनी तक्ता ओढून घेतला आणि नाकाजवळ धरला. बोट नावांवरून खाली खाली सरकत गेलं, आणि ते रडवेले झाले. "अरे, हे तं माहे हिरे हायेत. हा बी.एस्सी.ले हाये. हा अकोल्याले. हे दोघं यवतमाळले. कोन मयत म्हनते याईले?"

"अकरापैकी कॉलेजात किती आहेत?"

"नऊ. लखमा जीपवर गेला. अन् भागिरथा यंदा जाईन."

मी पाटीवर खडूनं हिशेब मांडला. तक्ता म्हणत होता एकोणतिसात सोळा, पंचावन्न टक्के. अकरा जण जिवंत धरले तर चाळीसात पंचवीस. साडेबासष्ट.

आम्ही दोघं पाटीकडे बघत राहिलो. त्या वर्गात मेलेले लोक जिवंतांपेक्षा बरेच हुशार होते.

टक्केवारीसाठी खून करणारा माणूस आपले पहिले नंबर मारत नाही. गुरुजी सुटले, आणि माझ्याकडचा एकुलता एक संशयित गेला.

"गुरुजी, पण मग हे अकरा निवडले कुणी?"

त्यांनी खिडकीतून बाजारपेठेच्या बाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मुनीमजी वस्तीत पाय ठेवत न्हाईत, साहेब. मी याच्यावर काही बोलत न्हाई."

४

वर्ग ज्या विश्वस्त निधीतून चालायचा त्याचा कारभार जतनबाईंच्या हातात होता. नवरा वारल्यावर धान्याचं दुकान आणि निधी दोन्ही त्या पाहत. पन्नाशीच्या, पांढरं लुगडं, कमरेला किल्ल्या. त्यांचे मुनीम गोपीचंद पायरीवरच उभे होते. ते इतके स्वच्छ होते की त्यांच्याशेजारी ओटा मळका दिसत होता.

मी ओळखीचं पत्र पुढे केलं. मुनीमजींनी हात उचलला, पत्राकडे पाहिलं आणि हात मागे घेतला.

"थे खालीच ठिवा साहेब. घरात आनू नका."

"ओळखपत्र आहे."

"वळख पटली. खालीच ठिवा."

मी पत्र पायरीवर ठेवलं, त्यावर एक खडा ठेवला. मला वाटलं, नागपूरच्या सरकारी कागदाचा धाक. तेवढ्यात त्यांनी आत हाक मारून तांब्याभर पाणी मागवलं आणि न शिवलेला हात धुतला.

जतनबाईंनी कपाळाला हात लावला. "हे पाहा. दुष्काळ सरला न्हाई अन् यांचं सुरू झालं. भैय्या, मागच्या महिन्यात एका दिवशी तीन येळा आंघोळ केली या मानसानं. तीन येळा. आमी कोसावरून गाडीबैलानं पानी आनून राह्यलो होतो, अन् हे डोक्यावरून घागरी वतून राह्यले होते. इचारलं तं बोलत न्हाईत."

"तोंडानं बोलाची गोष्ट नव्हती थे," मुनीमजी म्हणाले.

"कोणता दिवस होता?" मी सहज विचारलं.

"कार्डं येऊन राह्यले होते त्याच हप्त्यात," जतनबाई म्हणाल्या.

मी आलेली कार्डं मागितली. मुनीमजींनी भिंतीवरची तार काढली. आकड्याच्या तारेत कार्डं ओवलेली होती, धुतल्यासारखी सरळ. मी मोजली. एकोणतीस.

"बाकीची अकरा?"

"न्हाईत."

"आली नाहीत?"

"आली."

"मग कुठे आहेत?"

"फाडले," मुनीमजी म्हणाले, शांतपणे, दुकान उघडलं म्हणावं तसं.

कमरेच्या किल्ल्यांवरचा जतनबाईंचा हात थांबला. "मुनीमजी, पोराईचे कार्डं फाडले तुमी?"

"फाडाचेच असतात थे, बाई."

"वाचले होते का?"

"नाव वाचलं. वाचून तक्त्यात लिवलं. पुढचं कायले वाचू?" त्यांचा आवाज जड झाला. "लहान लहान पोरं, बाई. मले काही मन न्हाई का?"

खोटं बोलणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत पाणी येतं, हे मी ऐकून होतो. पण मुनीमजींनी ते पुसायला वापरलेलं धोतराचं टोक लगेच वेगळं धरलं आणि आत धुवायला गेले. इतकी तयारी कुणी खोटेपणासाठी करत नाही.

ते खरंच शोक करत होते. अकरा जिवंत माणसांचा.

५

शुक्रवारी सकाळी पोस्टमन मदनसिंग सायकल ढकलत बाजारातून येताना सापडला. दहा पावलं आधीच ओरडला, "मोजनीवाले, तुमचं पत्र न्हाई."

"तुम्हीच आणलीत ना ती कार्डं? एकोणतीस आणि अकरा?"

"मीच. त्या एकोणतीसमधलं हरेक मले पाठ हाये. शिरपूरचा पोरगा फर्स्ट क्लास. त्याची बातमी मी त्याच्या बापाच्या आंदी साऱ्या बाजारले सांगतली."

"पोस्टमननं कार्डं वाचायची नसतात."

"कायदा हाये," मदनसिंगनं मान्य केलं. "म्हनून मी फक्त चांगलेच वाचतो."

"आणि ती अकरा?"

तो सायकलची घंटी उगाच पुसू लागला. "न्हाई वाचले."

"एकही नाही? का?"

"तसे कार्ड वाचत नसतात, साहेब. गुपचूप मुनीमजीच्या हातात ठिवले अन् निंगालो. एकाच दिवशी तीन खेपीत आले. चार, चार अन् तीन." त्यानं टोपी सारखी केली. "दुष्काळाचं साल होतं. मले वाटलं, म्हातारे-कोतारे असतीन. असं कोनाले इचारते का कोनी?"

चार, चार आणि तीन. तीन खेपा, आणि मुनीमजींच्या तीन आंघोळी.

मी रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो. एक म्हैस मला वळसा घालून गेली. गावभराची कार्डं वाचणारा माणूस अकरा कार्डं वाचत नाही. ती हातात पडताच दुसरा माणूस ती फाडतो, पाणी नसताना आंघोळ करतो. आणि माझं ओळखपत्र घरात घेत नाही.

माझं ओळखपत्र.

मी पळत जतनबाईंच्या ओट्यापाशी गेलो. पत्र कालपासून तसंच पायरीवर होतं, खड्याखाली. त्यात वावगं काहीच नव्हतं. फक्त जीपच्या दारात अडकून त्याचा एक कोपरा फाटला होता.

मी ते तिथेच सोडलं आणि लखमाला निरोप धाडला: सगळ्यांना दुपारी ओट्यावर बोलाव. मयतांसकट.

६

दुपारी ओट्याच्या एका बाजूला जतनबाई आणि गुरुजी बसले. पायऱ्यांवर मदनसिंग. खाली अंगणात अकरा जण. मुनीमजी गोणीचं बूड दोऱ्यानं शिवत होते. त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "हे कोन पोरं हायेत?"

"तुम्ही ओळखत नाही?"

"मी नावं लिवतो. तोंडं गुरुजी पाह्यतात."

"क्रमांक एक," मी म्हणालो. एक पोरगा उठून उभा राहिला. "क्रमांक दोन. क्रमांक तीन." चारला लखमानं हात वर केला. सातपर्यंत मुनीमजींच्या हातातला दाभण खाली पडला. अकराला ते भिंतीला टेकले आणि तोंडातल्या तोंडात नवकार मंत्र म्हणू लागले.

"मेलेले नाहीत, मुनीमजी. कधीच नव्हते. तुम्ही आणि मदनसिंगांनी जे केलं ते इथल्या कुणीही केलं असतं. कोपरा फाटलेलं कार्ड आलं तर तुम्ही काय कराल?" मी जतनबाईंना विचारलं.

त्यांनी जराही विचार केला नाही. "घरात घेनार न्हाई. मयताची खबर असते थे; कोन गेलं तेवढं पाह्यचं, उभ्या उभ्या फाडाचं, आंघोळ कराची." आणि मग त्या थांबल्या.

"त्या अकराही कार्डांचा कोपरा फाटलेला होता. मदनसिंगांनी म्हणून वाचली नाहीत. मुनीमजींनी म्हणून फाडली. कार्डावर मुलाचं नाव आधीच लिहिलेलं होतं, ते वाचून त्यांनी मुलगा गेला असं धरलं. घरच्यांनी कळवलं असेल असं वाटलं."

"अन् कार्डावर काय लिवलं होतं?" मुनीमजींनी घोगऱ्या आवाजात विचारलं.

"बी.एस्सी. दुसरं वर्ष," क्रमांक एक म्हणाला.

मुनीमजींनी डोळे मिटले. "म्या पास झालेल्या पोराची आंघोळ केली."

कुणीतरी हसलं असतं, पण नेमकं तेव्हाच गुरुजींनी विचारलं, "पन कोपरे फाडले कोनं?"

खरा प्रश्न तोच होता. मदनसिंग म्हणाला, पोस्टाच्या थैलीत उंदीर असतात. जतनबाई म्हणाल्या, उंदीर अकरा कार्डांचा एकच कोपरा खात नाही. मी म्हणालो, जोडकार्डाची दोन अर्धी वेगळी करताना फाटले असतील.

"न्हाई," भागिरथा म्हणाली. "आमी फाडले."

ती उठून ओट्यापाशी आली. तिच्या हातात पत्र्याची जुनी कंपासपेटी होती. तिनं ती उघडून माझ्यापुढे पालथी केली.

कागदाचे अकरा त्रिकोण पडले.

७

मी एक उचलला. जांभळी शाई. ठशाच्या मधून जाणारी पांढरी रेघ. तो शब्द मी इथे लिहीत नाही. माझ्या हातून तो अकरा वेळा उमटला, तेवढा पुरे.

"माह्या बापानं छप्पन साली नागपूरले जाऊन हे नाव सोडलं," भागिरथा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "पायी गेले होते लोकं. मी तीन वर्सांची, थ्याईच्या खांद्यावर. अन् सतरा वर्सांनं तुमी थे आमाले पोस्टानं वापस पाठोलं."

"त्या दिवशी इथं सगळेजन होतो," लखमा म्हणाला. "वाचनालयात बसून कार्डं लिवून राह्यलो होतो. हिनं पहिलं फाडलं. मंग आमी. कार्ड पाठवाचंच होतं, पन थ्या नावासंगं न्हाई. फाटक्या कोपऱ्याचा अर्थ तवा ध्यानातच आला न्हाई."

शाळेच्या दाखल्यांवर त्यांचा धर्म स्पष्ट लिहिलेला होता. त्या दुपारी मी तो वाचला होता. शिक्क्यांच्या पेटीत 'बौद्ध' असा शिक्काच नव्हता, म्हणून मी शेजारचा उचलला. त्या आधी आणि नंतर मी शीळ घालत होतो. आजवर मला वाटत होतं की एखादा गुन्हा करताना माणसाला निदान काहीतरी जाणवत असेल.

"शिक्का नव्हता," मी म्हणालो. माझ्याच कानाला ते फार लहान ऐकू आलं.

"मंग कोरं सोडाचं होतं ना, भाऊ."

मी खिशातला हात बाहेर काढला आणि जांभळा अंगठा ओट्यावर, त्या त्रिकोणांच्या शेजारी ठेवला. सगळे बघत राहिले. मुनीमजींनीही पाहिलं, आणि ते हात धुवायला उठले नाहीत.

"चौकशी संपली," मी म्हणालो.

दुरुस्तीचा कागद तिथेच लिहिला. 'चुकीचं कारण: विद्यार्थ्यांनी सोडलेलं नाव त्यांच्यावर परत छापलं गेलं. त्यांनी ते फाडलं.' 'चूक करणाराचं नाव' या रकान्यात मी माझं घातलं. मुनीमजींनी दौत पुढे केली. ते म्हणाले, माझंही नाव घाला, फाडले तं मीच. मी म्हणालो, रकाना एकच आहे. गुरुजींनी खाली साक्षीदार म्हणून सही केली, या वेळी सगळं दोनदा वाचून.

भागिरथानं कागद हातात घेतला आणि लगेच परत केला नाही. आमच्या केंद्राचे सगळे कागद एकाच साच्यात छापलेले असतात. उजव्या वरच्या कोपऱ्यात चौकोन होता: जात.

तिनं त्या चौकोनावर बोट ठेवलं. मी कागद घेतला आणि तो कोपरा फाडून त्या अकरा तुकड्यांच्या जोडीला बारावा म्हणून तिच्या कंपासपेटीत टाकला.

"साहेब," मदनसिंग काळजीनं म्हणाला, "असा कागद अमरावतीले कोनी घरात घेनार न्हाई."

"म्हणून पोस्टानं जाणार नाही. मयत स्वतः घेऊन जाईल."

शनिवारी पहाटे लखमाची जीप निघाली. मागे अठरा माणसं नव्हती, फक्त भागिरथा, तिची पत्र्याची पेटी आणि मुनीमजी. ते म्हणाले, बाईनं न्हाई म्हनलं तं मी सांगीन, म्या मारलं अन् म्याच जित्तं केलं. वसतिगृहाच्या बाईंनी फाटका कागद पाहून आधी खरंच हात मागे घेतला, असं लखमानं नंतर सांगितलं. मग मुनीमजींनी सगळी हकिगत सांगितली, आंघोळींसकट. पावणेपाचला सही झाली.

नागपूरला माझ्या आधी माझ्या अहवालाची प्रत पोचली. तिचा कोपराही मी फाडला होता, सवय लागली म्हणून. तळाशी माझं नाव होतं. संचालकांनी लगोलग शेजारच्या कचेरीतला शिपाई माझ्या घरी पाठवला. आई म्हणाली, तो दौऱ्यावर आहे. शिपाई मान खाली घालून म्हणाला, हो, सगळे असंच म्हणतात, मावशी. मी संध्याकाळी पोचलो तर दारात शेजारी जमलेले होते आणि आईनं माझ्या दोन थोबाडीत दिल्या. नोकरी तात्पुरती होती, ती त्या महिन्याअखेर संपली. जायच्या आधी मी शिक्क्यांच्या पेटीतला तो एक शिक्का काढून चहाच्या चुलीत घातला. ओला होता, फार धूर झाला.

जायच्या आधी आणखी एक काम केलं. चाळीस जणांना नवी जोडकार्डं पाठवली, नाव आणि नंबर घालून. कोपरे कोरे ठेवले.

ऑगस्टमध्ये अमरावतीचा शिक्का असलेलं एक कार्ड शेलूबाजारला आलं. मदनसिंगनं ते आधी साऱ्या बाजाराला वाचून दाखवलं, मग मुनीमजींना दिलं, आणि मुनीमजींनी ते तारेत न ओवता मला पाठवून दिलं. चाळीसात सव्वीस. पासष्ट टक्के. कार्डाचे चारी कोपरे शाबूत होते. 'सध्या काय करता' याच्यापुढे लिहिलं होतं: कला शाखा, पहिलं वर्ष. आणि उजवीकडे वर, जिथे मी काहीही मारलं नव्हतं, तिथे तिनं स्वतःच्या अक्षरात एक शब्द घातला होता.

हयात.